गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते आणि चावीचे चिन्ह लुकलुकते : ईसीएम बदलण्याआधी काय तपासावे?

पारोळा तालुक्यातील एका गृहस्थांनी विचारलेला प्रश्न असा आहे. त्यांची २०१६ सालची डिझेल हॅचबॅक सकाळी पहिल्या सेल्फला सुरू होते. मात्र दुपारी दोन-तीन तास उन्हात उभी राहिली की इंजिन सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते आणि मीटरमधले चावीचे लाल चिन्ह लुकलुकत राहते. आखाजीला बहिणीला माहेरी आणण्यासाठी ते अमळनेरला गेले असता गाडी तिच्या दारातच अडकली आणि दिवेलागणीनंतर, काहीही न करता, आपोआप सुरू झाली. एका गॅरेजने ईसीएम (इंजिन चालवणारा संगणकाचा डबा) गेल्याचे सांगून ३५,००० रुपयांचा अंदाज दिला आहे, तर दुसऱ्याने इमोबिलायझर (ओळखीची चावी नसेल तर इंजिन अडवणारी चोरीविरोधी यंत्रणा) कायमचा ‘बायपास’ करून देण्याची तयारी दाखवली आहे. दुसरी चावी पुण्याला भावाकडे आहे. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर असे की आज तरी दोघांचेही ऐकू नका. मी जळगावात २२ वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि उन्हाळ्यात नेमकी हीच तक्रार घेऊन येणारे लोक मला दरवर्षी भेटतात. ईसीएम बदलायचा की बायपास करायचा, हा प्रश्न येथे अजून उभाच राहिलेला नाही. चावी, चावीभोवतीची कॉइल, इमोबिलायझरचा डबा आणि ईसीएम असे चार जण एकमेकांशी बोलतात तेव्हा गाडी चालते. दुपारच्या वेळी त्या चौघांपैकी गप्प कोण बसतो, एवढेच आपल्याला शोधायचे आहे, आणि ते शोधण्यासाठी सुरुवातीला एक रुपयाही लागत नाही.

या चौघांचे काम आधी समजून घेतले तर पुढचे सोपे जाईल. चावीच्या प्लास्टिकच्या डोक्यात एक बारीक चिप असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशन लॉकच्या तोंडाभोवती बारीक तांब्याच्या तारेची एक गोल कॉइल बसवलेली असते. तुम्ही चावी फिरवली की ही कॉइल साधारण १२५ किलोहर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र तयार करते, त्या क्षेत्रातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख परत पाठवते. हे सगळे काही सेंटिमीटरच्या अंतरातच घडते. कॉइलकडून आलेली ओळख इमोबिलायझरचा डबा तपासतो आणि ती पटली तर ईसीएमला परवानगी देतो. काही गाड्यांत हा डबा वेगळा नसतो. त्याचे काम मीटर किंवा बॉडी कंट्रोलचा डबाच करतो. परवानगी मिळाली नाही तर ईसीएम डिझेलचे इंजेक्टर बंद ठेवतो. काही कंपन्यांच्या गाड्यांत उत्तराची वाट पाहताना इंजिनला क्षणभर चालू दिले जाते आणि उत्तर आले नाही की ते थांबवले जाते. तुमची गाडी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडते ती याच जातीची दिसते. इतर काही गाड्या अशा वेळी नुसता सेल्फ मारत राहतात, तर काही सेल्फही उचलत नाहीत.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्यात पुष्कळांचा वेळ जातो. दार उघडणारे रिमोटचे बटण आणि गाडी सुरू करणारी चिप ही एकाच चावीत राहणारी दोन वेगळी बिऱ्हाडे आहेत. रिमोट बॅटरीवर चालतो आणि बहुधा ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतो. चिपचा त्याच्याशी संबंध नसतो. त्यामुळे ‘रिमोट तर व्यवस्थित चालतो, म्हणजे चावी चांगली आहे’ हे म्हणणे जसे चूक, तसेच ‘चावीचा सेल बदलून पाहू’ हाही फिरवायच्या चावीच्या गाडीत निरर्थक उपाय आहे. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत मात्र सेल महत्त्वाचा असतो, आणि तो उतरला तरी चावी त्या बटणाला किंवा कंपनीने ठरवून दिलेल्या जागेला अगदी टेकवून धरली तर आतल्या चिपवर बहुतेक गाड्या सुरू होतात. गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत ती जागा दाखवलेली असते.

पुढे जे सांगतो आहे ते गाडीच्या मॉडेलवर अवलंबून आहे, हे आधीच कबूल करतो. तुम्ही कंपनी लिहिलेली नाही आणि मी गाडी पाहिलेली नाही. परंतु तुमच्या वर्णनात दोन गोष्टी इतक्या स्पष्ट आहेत की त्यांवरून तपासाची दिशा ठरवता येते. त्या म्हणजे लुकलुकणारे चिन्ह आणि दुपारचे ऊन.

चिन्हाकडे माझे लक्ष सगळ्यात आधी जाते. गाडी बंद करून कुलूप लावल्यावर ते थांबून थांबून लुकलुकत असेल तर बऱ्याच मॉडेलांत ती नेहमीची पहाऱ्याची खूण असते, बिघाडाची नाही. इग्निशन चालू केल्यावर ते दोन-तीन सेकंद पेटून विझले, तर चावी ओळखली गेली आहे. ते विझतच नसेल किंवा भराभर लुकलुकत असेल, तर ओळख पटलेली नाही. आता समजा, गाडी सुरू होत नाही पण चिन्ह मात्र विझते, तर इमोबिलायझरला हात लावण्याचे कारण नाही. डिझेलचा पुरवठा, रिले (विजेने चालणारा स्विच), क्रँक सेन्सर (इंजिनचे फिरणे टिपणारा) अशा गोष्टी पाहाव्या लागतात. गरम झाल्यावर रुसणारा क्रँक सेन्सर तर उन्हाळ्यातला आमचा नेहमीचा पाहुणा आहे. तुमच्या गाडीत चिन्ह लुकलुकते, म्हणून तो सध्या संशयातून सुटला.

हे मी इतक्या ठासून सांगतो त्याला माझी स्वतःची एक चूक कारणीभूत आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एक प्रवासी जीप माझ्याकडे आली होती. ती सेल्फ घेत होती, पण सुरू होत नव्हती. मालकाने येताच ‘भाऊ, चावीचा प्रॉब्लेम आहे’ असे सांगितले आणि मीही ते ऐकून घेतले. मीटरमधले चिन्ह वेळेवर विझत होते, ते मला दिसतही होते, तरी मी कॉइल मागवून बदलली. गाडी तशीच. शेवटी डॅशबोर्डखाली डोके घालून पाहिले तेव्हा काळ्या टेपमध्ये गुंडाळलेला एक बाहेरचा रिले सापडला. कर्ज देणाऱ्यांनी बसवलेल्या जीपीएस यंत्राचा तो रिले इंधन पंपाच्या वायरमध्ये टाकलेला होता आणि त्याचे पॉइंट जळाले होते. कॉइलचे पैसे मी मालकाकडून घेतले नाहीत. तेव्हापासून बाहेरून बसवलेले जीपीएस, सायरन, सेंट्रल लॉकचे किट असे काहीही गाडीत असेल तर ते मी आधी विचारतो. तुमच्याही गाडीत तसे काही असेल तर ते तपासणाऱ्याला सांगा.

आता उन्हाकडे वळू. एप्रिल-मे मध्ये आपल्या जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद काचांच्या गाडीत डॅशबोर्डवर हात ठेववत नाही. स्टिअरिंगखालचे प्लास्टिक, त्यातली कॉइल आणि तिचा कपलर, म्हणजे वायरी जोडणारा प्लास्टिकचा जोड, या सगळ्यांना तोच ताप सोसावा लागतो. कॉइलची तार केसासारखी बारीक असते. ती जिथे टाक्याला जोडलेली असते तिथे एखादी चीर पडली असेल, तर गार असताना दोन टोके एकमेकांना टेकून राहतात आणि तापल्यावर प्लास्टिक प्रसरण पावले की अलग होतात. सायंकाळी गारवा आला की पुन्हा टेकतात. कपलरमधली ढिली पिनही अगदी असेच वागते. त्यातच तुमच्या गाडीचे स्टिअरिंग वर-खाली होणारे असेल, तर ते हलवताना तिथल्या वायरी प्रत्येक वेळी थोड्या ताणल्या जातात. ‘सकाळी चालते, दुपारी रुसते, रात्री पुन्हा चालते’ हे वर्णन वाचताच माझा पहिला संशय कॉइल आणि तिच्या कपलरवर गेला, तो या कारणाने. तापल्यावर बिघडणारे ईसीएमही असतात, हे खरे. पण पहिला संशय स्वस्त आणि सहज तपासता येणाऱ्या गोष्टीवर घ्यावा, असा माझा शिरस्ता आहे.

कॉइलवर जाण्याआधी बॅटरीचा प्रश्न निकालात काढून टाका. लोक म्हणतात की सेल्फ तर जोरात फिरतो, मग बॅटरीचा काय संबंध? संबंध असा की सेल्फ उचलतो त्या क्षणी व्होल्टेज खाली बसते आणि ते फार बसले तर इमोबिलायझरचा डबा चावी वाचण्याच्या आतच डगमगतो. गाडी काही तास उभी राहिल्यावर मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरी किंवा तिची टर्मिनले संशयास्पद समजावीत. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान चार्जिंग दिसले पाहिजे. उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, त्यामुळे थंड गावात चार-पाच वर्षे चालणारी बॅटरी आपल्याकडे आधीच दगा देते. टर्मिनलवर पांढरा-हिरवा बुरा आला असेल तर तो कोमट पाणी आणि खाण्याच्या सोड्याने धुऊन, टर्मिनल कोरडे करून घट्ट बसवा, आणि बॉडीला गेलेली अर्थिंगची वायरही पाहा. बॅटरी काढली तर गाडी चावी विसरेल अशी भीती अनेकांना वाटते. तसे होत नाही, कारण चावीची ओळख ज्या मेमरीत लिहिलेली असते ती वीज गेली तरी पुसली जात नाही.

यानंतर चावी. तुमच्या चावीच्या कडीत आणखी काय काय अडकवलेले आहे? दुसऱ्या गाडीची चिप असलेली चावी शेजारी असेल तर दोन्ही चिपा एकाच वेळी उत्तर देतात आणि कोणाचेच नीट ऐकू येत नाही. लोखंडी बिल्ला किंवा जाड कडी कॉइलचे क्षेत्र खाऊन टाकते. म्हणून दुपारी गाडी अडली की चावी कडीतून सोडवून एकटी लावून पाहा. दुसरी चावी पुण्याहून कुरिअरने न मागवता भाऊ येईल तेव्हा त्याच्यासोबत मागवा. मात्र ती आल्यावर सकाळच्या गार वेळी तपासू नका. सकाळी पहिलीही चालते, त्यामुळे दुसरी चालल्याने काहीच सिद्ध होणार नाही. दुपारी पहिल्या चावीने गाडी अडली की त्याच क्षणी, दुसरे काहीही न हलवता, दुसरी चावी लावायची. तिने गाडी सुरू झाली आणि पुन्हा पहिलीने अडली, असे दोन-तीन वेळा झाले, तर दोष पहिल्या चावीच्या चिपमध्ये आहे आणि काम नव्या चावीवर भागेल. दोन्ही चाव्या सारख्याच अडल्या तर चाव्या निर्दोष मानून कॉइलकडे जावे.

चावीची खोळ अलीकडे बदलली आहे का, हेही आठवून पाहा. रावेरकडचे एक केळी-बागायतदार अप्पा त्यांची पिकअप दुसऱ्या गाडीला बांधून माझ्याकडे घेऊन आले होते. आदल्या दिवशी आठवडे बाजारात त्यांनी चावीची तुटकी खोळ बदलून नवी उघडझाप करणारी खोळ घेतली होती. रिमोट चालत होता, पाते बरोबर बसत होते, दार उघडत होते, पण इंजिन क्षणभर चालून बंद पडत होते आणि चिन्ह लुकलुकत होते. मी नवी खोळ उघडली तर आत चिपेची जागा रिकामी. खोळ बदलणाऱ्याने रिमोटची पट्टी आणि पाते नव्यात घातले होते. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी, कोळशाच्या तुकड्यासारखी दिसणारी काळी चिप मात्र जुन्या खोळीच्या कोपऱ्यात चिकटून राहिली होती, कारण ती रिमोटच्या पट्टीवर नसते. जुनी खोळ कुठे आहे, असे विचारल्यावर अप्पांनी घरी फोन लावला. ती नातवाच्या खेळण्यांत होती. दुपारी मुलगा ती घेऊन मोटरसायकलवर आला, मी चिमट्याने चिप काढून नव्या खोळीत बसवली आणि गाडी पहिल्या सेल्फला सुरू झाली. तेवढ्या वेळात ट्रकसाठी कापून ठेवलेल्या केळीच्या घडांची चिंता अप्पांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. तुमची चिप अशी पूर्ण गायब नाही, नाहीतर गाडी सकाळीही चालली नसती. परंतु ती खोळीत सैल असेल आणि प्लास्टिक तापल्यावर सरकत असेल, तर तुम्ही सांगता तशी लक्षणे दिसू शकतात. चावी कानाशी धरून हलवा. आत खुळखुळ होत असेल तर खोळ उघडून पाहायला हवी.

चाव्या आणि बॅटरी निर्दोष निघाल्या की कॉइलची पाळी येते. हे काम घरी करण्याचे नाही, आणि ज्याच्याकडून कराल त्याला एक गोष्ट बजावून सांगा. स्टिअरिंगच्या खोबणीत पिवळ्या रंगाचा कपलर किंवा वायरिंग दिसले तर ते एअरबॅगचे असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून काही मिनिटे थांबल्याशिवाय त्या भागात काम करू नये, आणि पिवळ्या कपलरवर मल्टिमीटर तर कधीही लावू नये.

कॉइल मी कशी तपासतो ते सांगतो. भुसावळच्या एका शिक्षकांची गाडी अशीच दुपारी रुसत असे. माझ्याकडे ती दोनदा आली आणि दोन्ही वेळा सकाळी, त्यामुळे दोन्ही वेळा निमूट सुरू झाली. तिसऱ्या वेळी मी लॉकवरचे प्लास्टिक काढले, कॉइलचा कपलर सोडवला, तिच्या दोन टोकांना मल्टिमीटर लावून रोध पाहिला आणि घरून आणलेला केस वाळवण्याचा ड्रायर हातभर अंतरावरून तिच्यावर धरला. पहिली दोन मिनिटे आकडा हळूहळू वाढत गेला. ही वाढ साहजिक असते. तांब्याचा रोध प्रत्येक अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो, म्हणजे कॉइल ३० अंशांनी तापली तर १२ टक्क्यांच्या आसपास फरक पडणारच. तेवढ्यावरून कॉइल खराब ठरवू नये. पण तिसऱ्या मिनिटाला आकडा एकाएकी नाहीसा झाला आणि पडद्यावर सर्किट तुटल्याची खूण आली. ड्रायर बंद केला, जरा वेळ थांबलो, आकडा परत आला. पुन्हा तापवली, पुन्हा गेला. शिक्षक शेजारी उभे राहून हे सगळे पाहत होते. त्यांना मला काहीच समजावून सांगावे लागले नाही. नवी कॉइल बसवली आणि चाव्यांना हातही लावावा लागला नाही, कारण ओळख कॉइलमध्ये नसते. ज्या गाड्यांत कॉइल आणि डबा एकाच तुकड्यात येतात तिथे मात्र नव्या तुकड्याला चाव्यांची ओळख पुन्हा करून द्यावी लागते, आणि काही कॉइलींत इलेक्ट्रॉनिक भाग असल्यामुळे साध्या रोधाच्या मापावर विसंबता येत नाही. तिथे गाडीतल्या डब्यांची माहिती वाचणाऱ्या स्कॅनरवरच अवलंबून राहावे लागते.

स्कॅनरविषयी थोडे स्पष्ट बोलतो. मोबाइलला जोडायचा स्वस्त ब्लूटूथ डोंगल बहुतेक वेळा फक्त इंजिनचे, तेही प्रदूषणाशी निगडित बिघाडाचे कोड वाचतो. इमोबिलायझरच्या डब्यात तो शिरतच नाही. म्हणून ‘स्कॅन केले, काही निघाले नाही’ या वाक्याला मी तोवर किंमत देत नाही, जोवर स्कॅन कशाने केले हे कळत नाही. तुमच्या गाडीच्या सगळ्या डब्यांशी बोलणारा स्कॅनर लावून, दुपारी बिघाड चालू असतानाच वाचन झाले पाहिजे. पी-०५१३ म्हणजे चुकीची चावी, पी-०६३३ म्हणजे ईसीएममध्ये चावीची नोंद नाही, आणि यू-०१६७ म्हणजे इमोबिलायझरच्या डब्याशी संपर्क तुटला. कंपन्यांचे स्वतःचे वेगळे कोडही असतात. कोडपेक्षाही मला त्याच पडद्यावरची चालू माहिती अधिक उपयोगी वाटते. नोंदवलेल्या चाव्या किती, चावी वाचली गेली का, आणि वाचली असेल तर पटली का, या तीन ओळी बऱ्याच गाड्यांत दिसतात. ‘वाचलीच गेली नाही’ असे दिसले तर कॉइल, कपलर किंवा चिप. ‘वाचली पण पटली नाही’ असे दिसले तर चावीची नोंद. दोन्ही ठीक आहे आणि तरी इंजिन थांबते, असे दिसले तरच डबा आणि ईसीएममधल्या वायरी पाहायच्या. त्या वायरी कॅन प्रकारच्या, म्हणजे डब्यांचे बोलणे वाहून नेणाऱ्या दोन वायरींच्या जोडीच्या असतील तर बॅटरी काढून स्कॅनर जोडायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये साधारण ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टोक कुठेतरी सुटले आहे. सरकीच्या पोत्यांजवळ किंवा धान्याच्या कोठीशेजारी गाडी उभी करणाऱ्यांनी या टप्प्यावर उंदरांनाही संशयितांत धरावे.

एवढे सगळे झाल्यावर, आणि झाल्यावरच, ईसीएमचे नाव घ्यावे. माझ्या हातून गेलेल्या गाड्यांपैकी ज्यांत ईसीएम खरोखर खराब निघाला अशा गाड्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतल्या बहुतेकींच्या ईसीएममध्ये पाणी शिरलेले होते किंवा कोणीतरी जम्पर केबल उलटी लावलेली होती. शिवाय ‘दुसरा ईसीएम लावून बघू’ ही तपासणीच होऊ शकत नाही. दुसऱ्या गाडीचा ईसीएम त्या गाडीच्या इमोबिलायझरला बांधलेला असतो. तो तुमच्या गाडीत लावला की गाडी तशीही सुरू होणार नाही, आणि आधी एक बिघाड होता तिथे दोन होतील. पस्तीस हजारांचा अंदाज देणाऱ्या गॅरेजला एवढेच विचारा की ईसीएम खराब असल्याचे कोणत्या वाचनावरून ठरवले. वाचन दाखवले तर ऐकून घ्या. ‘अनुभवावरून सांगतो’ असे उत्तर आले तर अनुभव मलाही आहे आणि मी वर माझी चूक सांगितलेली आहे.

बायपासबद्दल मी नाही म्हणतो आणि ते कसे करतात हेही येथे लिहिणार नाही. ज्या गाडीत चिप तपासली जात नाही ती कोणतीही घासलेली किल्ली लावून नेता येते. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा झाला तो याच कारणाने. पुढे गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दाव्याच्या वेळी गाडीच्या दोन्ही मूळ चाव्या मागते, आणि सुरक्षा यंत्रणेत फेरफार केलेला आढळला तर दाव्यात अडचण येऊ शकते. त्याहून साधे कारण असे की तुमचा दोष जर चिरलेल्या कॉइलमध्ये किंवा सैल पिनेत असेल, तर ती दुरुस्त करण्याचा खर्च बायपासपेक्षा फारसा वेगळा नसतो. निरोगी यंत्रणा कायमची काढून टाकून एक कपलर वाचवण्यात काहीच अर्थ नाही.

चाव्यांच्या कागदपत्रांविषयीही दोन शब्द. गाडीसोबत आलेला चावीचा क्रमांक कोरलेला छोटा बिल्ला आणि काही गाड्यांत मिळणारे सुरक्षा कोडचे कार्ड गाडीत ठेवू नका, घरी ठेवा. नवी चावी करायची वेळ आली तर अधिकृत केंद्रात आरसी आणि ओळखपत्र मागतात. चावी हरवली असेल तर पोलिसांत केलेली नोंदही मागितली जाऊ शकते. जाताना घरातल्या सगळ्या चाव्या सोबत न्या, कारण अनेक गाड्यांत नवी चावी नोंदवताना जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि जी चावी त्या वेळी हजर नसेल ती बाद होते. पुण्याची चावी पुण्यातच ठेवून इथे नवी करून घेतलीत तर भावाच्या हातात नुसता दार उघडायचा लोखंडाचा तुकडा उरेल. याची दुसरी बाजू अशी की एखादी चावी खरोखर हरवली असेल तर तिची नोंद याच मार्गाने मुद्दाम पुसून घ्यावी.

तोपर्यंत गाडी वापरावी लागणारच, म्हणून एक तात्पुरता उपाय सांगतो. गाडी सावलीत उभी करा, शक्य नसेल तर पुढच्या काचेवर आडोसा लावा आणि चावी डॅशबोर्डवर न ठेवता खिशात ठेवा. अडलीच तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारून बॅटरी उतरवू नका. चावी काढा, चारही दारे दहा-पंधरा मिनिटे उघडी ठेवा आणि मग एकदाच प्रयत्न करा. लॉकवर ओले फडके ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नका. आत पाणी झिरपले की आज एक दुखणे आहे त्याची दोन होतील.

भाऊ चावी घेऊन येईल त्या दिवशी गाडी मुद्दाम दोन तास उन्हात उभी करा आणि मग तीन गोष्टी लिहून ठेवा : पहिल्या चावीने चिन्ह किती वेळ लुकलुकले, दुसरीने काय झाले, आणि सेल्फ मारताना मल्टिमीटरवरचा सर्वांत कमी आकडा किती होता. त्याच अवस्थेत स्कॅनर लावता आला तर उत्तम. फक्त तपासणाऱ्याला कोड पुसण्याआधी थांबवा आणि पडद्याचा फोटो काढून घ्या. एवढी माहिती कळवलीत तर पुढे कॉइल सोडवायची की खोळ उघडायची, हे मी जळगावात बसूनही बऱ्यापैकी खात्रीने सांगू शकेन.